गाऱ्हाण्यातलं गाळलेलं नाव

एक होता राजा. नाव काय त्याचं? गप ग, सुरुवातीलाच मोडता घालू नकोस. शेवटी सांगते. आधी पांघरूण घे, आणि त्या धाकट्यालाही घाल.

तर या राजाच्या राज्यात दर्याकाठी एक गाव होतं. नारळी पुनव झाली की गावातल्या होड्या दर्यात लोटायच्या. पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, बरं का! गावचा म्हातारा मानकरी हात जोडून उभा राहायचा. किनाऱ्यावरच्या एकेका राखणदाराचं नाव घ्यायचा. या खाडीचा, त्या कातळी खडपाचा, पलीकडच्या किल्ल्याचा. "आमची लेकरं दर्यात चाललीत, सुखरूप परत आण, म्हाराजा!" आणि सगळा गाव ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" म्हणा बघू. हां, अस्सं.

एका वर्षी राजा स्वतःच बंदरावर आला. नवा किल्ला बांधला होता ना त्याने, मग काय, छाती फुगलेली! म्हणाला, "इतकी नावं कशाला? एक गाळा आणि माझं घाला." मानकरी घाबरला बिचारा. त्याने एक नाव गाळलं आणि तिथे राजाचं बसवलं. होड्या गेल्या. मग दर्यावर असं धुकं उतरलं, असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. आणि एकही होडी परत आली नाही.

या मानकऱ्याची लेक होती मथुरा. तिचा नवरा दर्यात गेलेला, पाठचा भाऊ भिवा गेलेला. ती बापापुढे बसली. "बाबा, कुणाचं नाव गाळलं तुम्ही?" बाप आठवायला लागला. आणि काय सांगू तुम्हाला, आठवेचना! लहानपणापासून ओळीने पाठ केलेलं सगळं. मधली एक कडी काढली, ती गेली ती गेलीच. गावातही कुणाला आठवेना. म्हाताऱ्याने कपाळ बडवून घेतलं आणि त्या दिवसापासून तोंड उघडलं नाही.

मग मथुरा निघाली. एकेका राखणदाराला विचारत, किनाऱ्याकिनाऱ्याने. एका अंगाला माड, दुसऱ्या अंगाला दर्या, मध्ये पांढरी वाळू. बघत राहावं अशी वाट! पण तिला मेलीला कसली शोभा नि कसलं काय. धुक्यात एखादं शीड दिसतंय का, तेवढंच ती बघायची.

आधी ती ओहोटीला पाण्यातून चालत जुन्या किल्ल्यात गेली. तिथे एक गंजलेली तोफ होती. "तोफमाय, तुझं नाव गाळलं का ग?"

तोफ घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नाही ग बाय, माझं घेतात. मी शत्रूची गलबतं बुडवली, ती पलीकडच्या टोकावरच्या जाळाच्या उजेडात. तो जाळ हल्ली दिसत नाही."

मग ती माडांच्या बनात गेली. तिथे एक उभा दगड होता. त्यावर होड्या कोरलेल्या, वल्ही मारणारे वीर कोरलेले. दर्यावरच्या लढाईत मेलेल्यांचा दगड तो. वीर म्हणाले, "आमचंही नाव घेतात. आम्ही मेलो, पण आमच्या होड्या घरी पोचल्या, त्या टोकावरच्या जाळामुळे. तू तिकडेच जा."

मथुरा धापा टाकत टोकावर पोचली. आणि तिथे काय? काही नाही रे बाळांनो. थोडी काळी राख आणि दगड उपटलेला एक खड्डा. विचारायचं कुणाला? ती मटकन खाली बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. आता घरी जाऊन बापाला तोंड कसं दाखवू, म्हणाली. रडता रडता तिला खडपावर ओरखडे दिसले. दगड कुणीतरी ओढून नेला होता, थेट राजाच्या नव्या किल्ल्याकडे.

किल्ल्याच्या दरवाजात पायरीला तो दगड बसवलेला. येणारा जाणारा तुडवत होता. मथुरेने पदराने चिखल पुसला. खाली एक बाई कोरलेली, हातात पेटती पेंढी घेतलेली. दगड हळूच बोलला, "मी पोवळी. या किनाऱ्याला पहिल्या होड्या आल्या तेव्हाही असंच धुकं होतं. जाळायला लाकूड नव्हतं. मग मी माझं घर पेटवलं."

मथुरा धावत गावात आली. किनाऱ्यावर उभी राहिली. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती, तरी घातलं. सगळी नावं घेतली, राजाचं सोडून, आणि शेवटी म्हणाली, "पोवळीबाय, आमची माणसं परत आण, म्हाराजा!" पण गाव गप्प. राजाच्या भीतीने कुणाच्या तोंडून शब्द निघेना. मग मथुरेने किनाऱ्यावरच्या आपल्या घरात जाऊन चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि त्याच घराला लावलं. गवताचं छप्पर ते, भडकन पेटलं. आणि मागून एक चिरका आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तिचा बाप होता तो. मग सगळा गाव ओरडला.

धुकं फाटलं. एकेक होडी येऊ लागली. मथुरेचा नवरा आला.

सगळ्या आल्या का? नाही रे बाळा. भिवाची नाही आली. फार उशीर झाला होता. घर पुरतं विझेपर्यंत मथुरा पाण्यात उभी होती. मला खोटं नाही सांगता येत.

मग गावाने मथुरेला नवं घर बांधून दिलं. पोवळीचा दगड परत टोकावर नेला. राजा आडवा आला नाही, अख्ख्या गावापुढे काय करणार तो! जे आले ते सुखाने नांदले. आणि गाऱ्हाण्यात अजून पोवळीबायच्या पाठोपाठ भिवाचं नाव घेतात.

राजाचं नाव होय? अगं, ते कुणालाच आठवत नाही आता. मलाही नाही. मिटा डोळे, आणि भिवासाठी एकदा हळू म्हणा, व्हय म्हाराजा. झोपा आता.