मिशनसाठी शिवलेली गोधडी

एकदा एक आई देवाला नवस बोलली. तिचा एकुलता एक मुलगा अनुग्रह न्यूमोनियाच्या तापाने फणफणला होता. ती म्हणाली, "प्रभू, याला उठव. दर वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मी मिशनच्या मुलांसाठी एक गोधडी देईन." मुलगा उठला. तेव्हापासून तिचा नवस कधी चुकला नव्हता.

तिचं चर्च अँग्लिकन मंडळींचं, लहानसं. दूर डोंगरात, पाड्यांवरच्या मुलांसाठी मिशनचं वसतिगृह होतं. तिथल्या थंडीची काळजी या चर्चने पिढ्यान्‌पिढ्या वाहिली होती. बायकांनी गोधड्या शिवायच्या, पाळकांनी वेदीपुढे त्यांवर प्रार्थना करायची आणि मग त्या डोंगरावर रवाना करायच्या. शिवायला शिकवत असे ती एक वृद्ध बायबल-शिक्षिका. सारे तिला मावशी म्हणत. ही आई तिचीच शिष्या, टाक्यातही आणि वचनातही.

एका वर्षी मंडळीतल्या कापडव्यापाऱ्याने आत भरायला पोतीच्या पोती चिंध्या दिल्या होत्या. सगळ्या नायलॉनच्या, निसरड्या, ऊब न धरणाऱ्या. वरून मात्र एकेक गोधडी पाहत राहावी अशी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली, व्यापाऱ्याचा टेम्पो फाटकाशी लागला, आणि मावशी काठी टेकत वाटेत उभी राहिली.

"या गोधड्या घरी न्या," ती म्हणाली. "आजपासून तुमची लेकरं यांत निजतील. त्यांच्या अंगावरच्या इकडे आणा. त्या मिशनला जातील."

एकच गलका उठला.

"मावशी, थट्टा करता का?"

"अहो, घरची गोधडी माझी बाळंतपणातली आहे!"

व्यापारी हसला. "मावशी, वय झालं तुमचं. डोंगरातल्या पोरांना काय कळतंय आत काय भरलंय ते?"

"थंडीला कळतं, शेठ."

"असं अडवाल तर पुढच्या वर्षी कोणी काही देणार नाही."

"न देवोत. रिकामा टेम्पो पाठवीन, पण हे पाठवणार नाही."

आज गोधडी गेली नाही तर आईचा नवस मोडणार होता. आणि घरची गोधडी तिच्या दिवंगत आईच्या लुगड्यांची. दुखण्यात अनुग्रह तिच्याच उबेत निजला होता. ती पुढे झाली. गुरूला उलटून बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

"मावशी, नवसात घरची गोधडी नव्हती. मी शिवलेली ही घ्या. ती मी द्यायची नाही."

"नको देऊस. मग ही घरी ने, अनुग्रहच्या अंगावर घाल. शिवलीयस तर सुरेख."

"हिच्यात? हिच्यात माझं लेकरू कुडकुडेल हो!"

बोलून गेली, आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

मावशीचा आवाज मऊ झाला. "बाळ, तुझ्या आईची गोधडी मला नकोच होती. शिवताना आपल्या डोळ्यांपुढे कोणाचं लेकरू असतं, एवढंच तुम्हांला दिसावं असं वाटलं. आपलं चर्च मिशनला आधार देतं, असं आपण अभिमानाने सांगतो. ज्या मुलांसाठी दर रविवारी गुडघे टेकतो, ती आपल्याच घरची झाली ना? देवापुढे ज्यांना आपलं म्हटलं, त्यांच्या पांघरुणात परकेपणा भरता येत नाही गं."

आईने गोधडी उचलली. दाताने दोरा तोडला आणि आतल्या चिंध्या ओंजळीओंजळीने उपसून काढल्या.

"टेम्पो आज जाणार नाही," ती म्हणाली.

"गाडी माझी आहे!" व्यापारी ओरडला.

"मग डोक्यावरून नेऊ. नवसाचा दिवस टळला तर देवाला जाब मी देईन. पण त्याची लेकरं गारठ्यात ठेवून मी दिवस पाळणार नाही."

"मी आहे गं तुझ्याबरोबर," म्हणत एक शेजारीण खाली बसली आणि आपल्या गोधडीचे टाके उसवू लागली. मग दुसरी बसली. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. व्यापारी काही वेळ घुटमळला आणि निघून गेला.

दुपारी आईने नाताळसाठी घेतलेली नवी सुती साडी गोधडीत भरायला आणली आणि तिची घडी मोडून मधोमध कात्री लावली. मावशीने दुसरं टोक ताणून धरलं.

बायांनो, तुमच्याही चर्चमध्ये मिशनसाठी काही ना काही जमत असेल. त्याचं गाठोडं बांधण्याआधी ते आपल्या लेकराच्या अंगावर घालून पाहा, एवढंच मागणं आहे.