मधली फळी

लहानथोरहो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा राज्य कोणाचे होते, हे आता कोणालाच आठवत नाही. एका खोल ओढ्याकाठी मोठी पाठशाळा होती. दूरदूरचे तरुण तिथे न्याय आणि राजनीती शिकत. पलीकडच्या काठावर टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. दोहोंच्या मधे तेरा फळ्यांचा लाकडी साकव.

त्या वस्तीत दोन भाऊ राहत. आईबाप लवकर गेले, म्हणून थोरल्यानेच धाकट्याला वाढवले. त्याला बांबू सोलायला शिकवले आणि त्याचा तापटपणा हसत हसत सोसला.

एके सकाळी थोरला टोपल्यांची चळत डोक्यावर घेऊन पाठशाळेकडे निघाला. एरवी तो बाजाराच्या लांबच्या वाटेने जाई. साकवावर त्याचा पाय पहिल्यांदाच पडत होता. मधली, सातवी फळी कुजलेली होती. ती मोडली आणि तो खालच्या खडकांवर पडला. पुन्हा उठला नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटा कुऱ्हाड घेऊन बाजाराच्या वाटेने पाठशाळेच्या काठावर आला. त्याला साकवच तोडायचा होता. विद्यार्थी भोवती जमले, वाईट झाले म्हणाले. बोलता बोलता एकाच्या तोंडून निघून गेले की, ती फळी कुजकी आहे हे तर सगळ्यांनाच ठाऊक होते. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवत, सहा मोज आणि मग लांब पाऊल टाक. आपण एकमेकांची किती काळजी घेतो, असे त्यांना वाटे.

धाकट्याने विचारले, "आमच्या वस्तीत कुणाला सांगितलंत?"

विद्यार्थी एकेक पाऊल मागे सरले.

"माझ्या भावाला सहापर्यंत मोजता येत होतं," तो म्हणाला. "कुणी सांगितलं असतं, तर त्यानं मोजलं असतं."

त्याने साकवाच्या खांबावर घाव घालायला सुरुवात केली. त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

इतक्यात पलीकडून एक म्हातारी साकवावर चढली. डोक्यावर गवताचा भारा, डोळ्यांवर त्याच्या काड्या. लोक ओरडले, पण तिला ऐकू कमी येई. धाकट्याने कुऱ्हाड टाकली, धावत मध्यावर गेला आणि भगदाडाच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहिला.

"अरे पैलवाना, वाटेत काय उभा राहिलास?" म्हातारी म्हणाली. "मला जाऊ दे की."

"आजी, इथे फळी नाही. माझा हात धरा. लांब पाऊल टाका."

म्हातारी पार झाली. धाकटा मात्र तिथेच बसला आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा ढसाढसा रडला.

फळीची गोष्ट बोलून गेलेला तो विद्यार्थी गपचूप गेला आणि आपल्या खोलीचे दार काढून घेऊन आला. "हे इथे बसेल," तो खालमानेने म्हणाला. "मला माफ कर, असं म्हणायचं तोंड मला नाही."

धाकट्याने डोळे पुसले आणि दाराचे एक टोक उचलले. मग म्हणाला, "माफ मी केलेलं नाही. दुसरं टोक धर."

पाठशाळेचे म्हातारे गुरुजी काठावरून सगळे पाहत होते. तेही पुढे आले. "सहा तर मीही रोज मोजत होतो," असे म्हणून त्यांनी खिळ्यांचा डबा हातात घेतला. त्या वर्षी अंतिम परीक्षेत त्यांनी एकही श्लोक विचारला नाही. प्रत्येकाला ओढ्यापलीकडे पाठवले आणि तिथे काय मोडले आहे ते बघून, दुरुस्त करून यायला सांगितले. पुढे त्या पाठशाळेची रीतच पडली की, वाटेत धोका दिसला तर विद्यार्थ्याने तिथेच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगावे आणि डागडुजी झाल्यावरच वर्गात यावे. उशीर झाला म्हणून त्याला कोणी बोलत नसे.

थोरला काही परत आला नाही. पण त्या साकवावरून पुन्हा कोणी पडलेही नाही.

तात्पर्य : धोका ओळखून जो स्वतः वाचतो तो हुशार असेल, पण मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही जो वाचवतो, तोच खरा शिकलेला.