मुखवट्याची पत

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूंना सांगितले की, सज्जनांपेक्षा चोर अधिक विश्वासू असतात. सकाळचा पाठ आटोपला होता, बाकीचे विद्यार्थी निघून गेले होते, आणि गुरुजी अंगणात बसून सुपारी कातरत होते. तर्कशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. असल्या विधानाने दचकण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते. "प्रमाण काय?" एवढेच त्यांनी विचारले.

शिष्याने मग सगळे सांगून टाकले. इंटरनेटच्या आडवाटेला एक बाजार होता. तेथे लोकांचे चोरलेले पासवर्ड आणि बँकेच्या कार्डांचे तपशील विकले जात. कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नाही, खरे नाव ठाऊक नाही, तरी व्यवहार चोख. प्रत्येक सौद्यानंतर गिऱ्हाईक विक्रेत्याला शेरा देई, चांगल्या शेऱ्यांनी पत वाढे, आणि एकदा फसवणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभे करत नसे. नवख्यांचे पैसे मध्यस्थाकडे ठेवत. माल बरोबर निघाला की तो ते विक्रेत्याच्या हाती देई. या बाजारात शिष्याचे नाव होते 'शिक्रा'. चोरांना पक्ष्यांची नावे फार आवडतात, पण चिमणी कोणी होत नाही. शिक्र्याच्या नावावर एकही वाईट शेरा नव्हता आणि लवकरच त्याला मध्यस्थ नेमणार होते.

"आमच्याकडचा दूधवाला पाणी घालतो, गुरुजी. तिथे कोणी थेंब घालत नाही," शिष्य म्हणाला. "आणि रातवा तर माझा सख्खा भाऊ असल्यासारखा."

रातवा हे त्या बाजारातले जुने, मानाचे नाव. त्यानेच शिष्याला तेथे आणले होते. शिष्याचे वडील वारले तेव्हा घरच्यांनी पाठ फिरवली, पण रातव्याने रोज लिहून त्याला धीर दिला होता.

"बरं," गुरुजी म्हणाले, "आणि तो पासवर्ड ज्याचा असतो, त्याचं काय?"

"त्याची आमची ओळख नसते."

बोलून गेल्यावर ते शिष्याच्या स्वतःच्याच कानाला बरे लागले नाही. दुसरे कोणी असते तर त्यांनी तेथल्या तेथे त्याची हजेरी घेतली असती. गुरुजींनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि भलतीच मागणी केली. "मध्यस्थ होण्याआधी मला गुरुदक्षिणा दे. तुझं ते नाव आठवडाभर माझ्या हाती दे. तेवढे दिवस तू तिकडे फिरकायचं नाहीस. मी काही विकणार नाही, घेणार नाही. नुसत्या गप्पा मारीन."

शिष्याला आधी हसू आले आणि मग धडकी भरली. गुरुजी भाच्यालासुद्धा 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' लिहिणारे. पहिल्याच वाक्याला ते पकडले जाणार आणि इतक्या मेहनतीने कमावलेली पत मातीला मिळणार. पण दक्षिणा मागितल्यावर नाही कसे म्हणावे? त्याने पासवर्ड दिला आणि घरी फुरंगटून बसला. पाठालाही गेला नाही.

आठवडा सरला तसा तो धावतच आला. गुरुजी मजेत होते.

"कोणी ओळखलं नाही रे. उलट एकाने लिहिलं, शिक्रा हल्ली शहाण्यासारखा बोलायला लागला."

शिष्याचा चेहरा पडला.

"रातव्याशीही बोललो," गुरुजींचा स्वर आता खाली आला. "म्हटलं, वडील गेले तेव्हा तू फार आधार दिलास, विसरणार नाही. तो म्हणाला, तो मी नव्हे, माझ्या आधीचा. मी हे नाव गेल्या दिवाळीत शेऱ्यांसकट विकत घेतलं. तुलाही शिक्रा विकायचा असेल तर गिऱ्हाईक आहे."

"मग आधीचा कुठे गेला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, ते विचारायची इथे पद्धत नाही."

दिवाळीपासून शिष्य त्या परक्या माणसाला भाऊ समजून लिहीत होता. खरा रातवा तुरुंगात होता की जगातच नव्हता, कोणास ठाऊक. कोणी त्याची चौकशी केली नाही, कोणी त्याच्यासाठी रडले नाही, कारण नाव चालूच होते. आपल्यालासुद्धा फरक कळला नाही, याचेच त्याला सर्वांत वाईट वाटले आणि तो ओक्साबोक्शी रडला.

गुरुजींनी त्याला रडू दिले. मग म्हणाले, "तिथले सौदे चोख असतात, हे तुझं म्हणणं खरं. पण तो धाक आहे, बाळ. नाव बिघडलं तर धंदा बुडेल, हा धाक. त्यालाच तुम्ही विश्वास म्हणता. विश्वास माणसावर बसतो, आणि तो काही शेऱ्यांसकट विकता येत नाही. तू आठवडाभर आला नाहीस, तर कोपऱ्यावरची फुलवाली मला विचारून गेली, पोरगा आजारी आहे का म्हणून. तुझ्या जागी दुसरा कोणी बसवला असता, तर तिला चाललं असतं?"

"मी ते नाव आजच पुसून टाकतो."

"पूस की. पण ज्यांची तुमची ओळख नव्हती, त्यांचं जे गेलं ते कसं परत येणार? त्यांना लुबाडायला मुखवटा चालला. भरपाईला चेहराच लागेल."

शिष्याने डोळे पुसले आणि पोलिसांच्या सायबर शाखेचा पत्ता विचारला. गुरुजींनी कोट चढवला आणि तेही निघाले.

तेथील अधिकारी बाईंनी नाव विचारले. "हृषीकेश दत्तात्रय पिसाळ," शिष्याने सांगितले. त्याने काही लपवले नाही. सगळे ऐकून झाल्यावर बाई गुरुजींकडे वळल्या. "पुढे चौकशी होईल, कोर्टही लागेल. हा मध्येच पसार झाला तर?"

"व्हायचा नाही. झालाच तर मला बोलवा. मी याच गावात राहतो, सगळे ओळखतात."

"एवढी खात्री कशावरून?"

"याला मी ओळखतो," गुरुजी म्हणाले.

शिष्य मान खाली घालून ऐकत होता. शेकडो अनोळखी लोकांनी त्याला विश्वासू म्हटले होते. ओळखणाऱ्या माणसाच्या तोंडून तो ते प्रथमच ऐकत होता. चौकशीला अजून सुरुवातही झाली नव्हती, तरी फार दिवसांनी त्याला स्वस्थ वाटले.