खडपवाडीला दिलेली हाक

“हिला कशाला नेताय, तांडेल? लग्न झाल्यापासून मोजून चार शब्द बोलली असेल. होडीत नुसतं वजन.”

मी जाळ्यांच्या ढिगामागे पदर खोचत होते, हे माझ्या नवऱ्याला, जयेंद्रला, ठाऊक नव्हतं.

बुधाजी तांडेल हसले. “होडीला वजन लागतं रे.”

जयेंद्र त्यांच्याच हाताखाली होडी चालवायला शिकलेला. आज होडी खडपवाडीला लावून दाखवली की सुकाणू कायमचं त्याचं, असं ठरलं होतं.

खडपवाडी म्हणजे माझ्या सासरचं मूळ गाव. विहिरी खारट झाल्या आणि सगळे कोळी उठून खाडीपलीकडे आले. तेव्हापासून तिकडे कोणी होडी घातली नव्हती.

आम्ही तिघं निघालो. जयेंद्रने खडकांमधून होडी अशी अलगद काढली की मी श्वास रोखून बसले. खोटं कशाला सांगू, नवरा आवडला मला तेव्हा.

किनारा जवळ आला. छपरं नसलेली घरं दिसू लागली.

“थांब,” बुधाजी म्हणाले. “हाक दे. किनाऱ्यावरून कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय इथे होडी लावायची नाही. रीत आहे.”

“होऽऽ! येऊ का?” जयेंद्रने हाक दिली.

एक बगळा उडाला...

“तांडेल, गावात कुत्रंसुद्धा नाही. ‘या’ कोण म्हणणार? खेकडे?”

“ज्याचं गाव, तो.”

“गाव आमचंच आहे की!”

“मग तू होडीत काय करतोस?”



ओहोटी लागली होती, फार थांबता येणार नव्हतं. बुधाजींनी शांतपणे सुकाणूवर हात ठेवला. “चल, फिरू परत.”

जयेंद्रचा चेहरा मला बघवेना.

गेल्याच महिन्यात सासरच्या दारात मलाही असंच अडवून धरलं होतं, उखाण्यासाठी. आवाज फुटला नव्हता.

मी हिरवा चुडा वर सारला, साडी खोचली आणि पाण्यात उतरले.

“अगं, कुठे चाललीस?” जयेंद्र ओरडला.

“घरी चाललीय,” बुधाजी म्हणाले.

पाणी कमरेपर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. वाळूवर पोचले. पडक्या घरांकडे पाठ करून, होडीकडे तोंड करून उभी राहिले. दोघंही माझ्याकडे बघत होते. बुधाजींनी सुकाणूवरचा हात काढून घेतला होता...

“या हो, या! पाणी तेवढं खारट आहे आमचं!”