कुंडीतलं गुलाबी ऑर्किड

“पण तिला नेमकं काय म्हणायचं होतं, माई?”

आंबोलीच्या मठाच्या अंगणात भागिरथीमाई जांभळाच्या बुंध्यावर पाणी शिंपडत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

“कुणाला?”

“माझ्या मुलीला. अनघाला.” निगुडकर सर उभेच होते. फुलांच्या अर्थांवर त्यांचे दोन जाड ग्रंथ होते. त्यांना उत्तरं द्यायची सवय होती, विचारायची नव्हती. “तिनं आसामातून, जोरहाटहून, गुलाबी ऑर्किडचं रोप पाठवलं. फुलांचा एक घोस लोंबत होता. चिठ्ठी नाही, काही नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“अर्थ शोधला.” सरांचा आवाज भरदार झाला. “आसामात मुली बिहूच्या नाचाला हे केसांत माळतात, तिथं ते प्रेमाचं फूल. चीनमध्ये ऑर्किड म्हणजे सज्जन माणूस. जपानात कुणी नवं दुकान उघडलं की देतात. इंग्लंडात एके काळी श्रीमंतीची खूण. आणि मेक्सिकोत…”

ते अडखळले.

“मेक्सिकोत मृतांच्या सणाला गुलाबी ऑर्किड थडग्यावर ठेवतात.”

“एवढे देश फिरलात?”

“नाही. वाचून.”

“बरं झालं. पायांचे हाल वाचले.”

सर हसले नाहीत.

“त्यात दोन महिने गेले. म्हटलं, अर्थ पक्का कळू दे, मगच उत्तर लिहू. तोवर तिकडून फोन आला… तिचा ताप डोक्यात गेला, म्हणाले. चार दिवसांत संपलं.”

माईंनी तांब्या खाली ठेवला.

“त्याआधी पत्रं यायची?”

“नऊ वर्षं. तिनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. मी एकही फोडलं नाही. आलं तसं परत पाठवायचो.”

“रोप नाही पाठवलंत परत?”

“जिवंत होतं, माई. कसं पाठवणार?”

“कुठंय ते?”

सरांनी पिशवीतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढली. आत पाच-सहा पिवळी पानं, बुडाशी चिखलाचा गोळा. घोस कधीच गळून गेला होता.

“कशात लावलं होतं?”

“कुंडीत. उत्तम काळी माती, शेणखत. रोज स्वतः पाणी घालायचो.”

“मातीत?”

माईंनी वर बोट दाखवलं. जांभळाच्या फांदीवर तसंच एक रोप होतं. इकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. त्याची मुळं सालीला धरून होती, काही नुसतीच वाऱ्यावर लोंबत होती. मातीचा कण नव्हता.

सर मान वर करून बघत राहिले. चष्मा घसरला, तो त्यांनी सावरला नाही.

माई खाली बसल्या. त्यांनी चिखल धुतला. कुजलेली मुळं बोटांत येताच गळून पडत होती. एक, दोन, पाच… शेवटी चिखलाबाहेर राहिलेलं एकच उरलं. पांढरं, कोरडं, दोऱ्यासारखं.

ते त्यांनी तांब्यात बुडवलं.

बघता बघता पांढऱ्यावर हिरवी छटा चढली.

सरांनी तोंडावर हात धरला.

“म्हणजे… जगेल?”

“कुणास ठाऊक.”

माईंनी काथ्याचा तुकडा त्यांच्या हातात दिला. सरांनी आयुष्यात कधी झाडाला काही बांधलं नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नात रोप बुंध्यावर बसलं. ते तिथेच उभे राहिले, तळहात सालीवर टेकवून. खांदे हलत होते. माईंनी तिकडे पाहिलं नाही.

मग चष्मा पुसत ते म्हणाले, “माई, माझा प्रश्न तसाच राहिला. तिला काय म्हणायचं होतं?”

“फुललं की तिला कळवा.”

“कुणाला कळवू?” सरांचा आवाज फाटला. “माई, ती नाही आता!”

माईंनी तांब्या उचलला.

“होती, तेव्हा काय अडलं होतं?”