पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस

“म्हणजे गुरुजी, तुम्ही सही करणार नाही?”

केतकी उंबऱ्यातूनच विचारत होती. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“आधी आत ये,” गुरुजी म्हणाले.

मी हिंगमिरे गुरुजींची शेजारीण. आमच्यात भिंत एकच, तीही चार इंची. शिवाय त्यांची परात मला परत द्यायची होती. म्हणून मी आतच होते.

गुरुजी आमच्या गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. दर शनिवारी चारला पोरं गोळा करायची आणि त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. त्यातलंच एक पुस्तक ‘काजळदरीचा पहारा’. राक्षस, जादू, काळं तळं, दिवा घेऊन निघालेली एक मुलगी. आमच्या गावात त्या पुस्तकाचं जे वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

केतकी ढोले त्यातलीच. इरफान मुलाणीही. दोघं एका सतरंजीवर बसून ऐकायची. एकाच्या डब्यातलं दुसरा खायचा.

पुढे इरफान सिनेमासाठी लिहायला लागला. आणि आता काजळदरीवर सिनेमा आला, त्याचं लिखाण इरफानचं.

सिनेमाची पहिली झलक आली तेव्हापासून, सात महिने झाले, केतकी त्याच्याशी बोलत नव्हती.

ती आत आली. अंगात काळा टी-शर्ट. छातीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं: ‘दिव्याकडे बघत राहिलीस, तर पलीकडचा काठ दिसायचा नाही.’ त्यांच्या गटातले सगळेच तो घालतात. वाचनालयात शिकलेली एकतीस-बत्तीस पोरं, आता बाप्ये झालेली, बायका झालेल्या.

तिनं पिशवीतून कागद काढले.

“सिनेमात एक्केचाळीस चुका आहेत, गुरुजी. सहा वाजता वाचनालयात सभा. इरफान येणार आहे. त्याच्या तोंडावर वाचणार आणि मग सगळीकडे पाठवणार. सगळ्यांच्या सह्या झाल्यात. सगळ्यात वर जागा सोडलीय, तुमच्यासाठी.”

“वाचून झाल्यावर?”

“झाल्यावर काय?”

“इरफानचं काय?”

केतकीनं मान फिरवली.

“त्याचा-माझा संबंध संपला, गुरुजी.”

म्हणाली खरी. पण हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होती. मी परात उगाच पुसत बसले.

“बस. पहिली चूक वाच.”

तिला वाचायला लागलंच नाही. पाठ होती.

“पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. आंधळा नावाडी. मुलगी काळ्या तळ्याशी येते, नावाडी तिचा दिवा विझवतो आणि तिला अंधारातून पलीकडे नेतो. अख्ख्या पुस्तकाचा जीव तिथं आहे. आणि सिनेमात काय? पूल! दोरखंडाचा पूल, गुरुजी! ती पुलावरून पळते आणि दिवा खाली पडतो. धप्पकन. संपलं.”

“पूल वाईट होता?”

“पूल चांगला होता हो! पण नावाडी कुठंय?”

मी मध्ये बोलले. “मला पूल आवडला. श्वास अडकला माझा.”

केतकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा परात पुसायला लागले. गुरुवारी गुरुजींना मीच सिनेमाला घेऊन गेले होते. मधे थोडी झोपले, ते मी बोलले नाही. पण पुलावर गुरुजींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि तेव्हापासून चार दिवस त्यांच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. भाकरी तशीच माघारी यायची. सिनेमा एवढा वाईट वाटला की काय, हे मला कळत नव्हतं.

“बाहेरगावचे वाचक काय म्हणतात?” गुरुजींनी विचारलं.

“ते येडे आहेत. म्हणतात, असा नावाडीच पुस्तकात नाही.” केतकी हसली. “त्यांच्याकडे कापलेली आवृत्ती असणार. पूर्ण प्रत फक्त आपल्या वाचनालयात आहे, असं मी त्यांना ठणकावून सांगितलंय.”

गुरुजी उठले.

कपाटातून त्यांनी दोन पुस्तकं काढली. एक वाचनालयातली जुनी प्रत, कापडी बांधणीची. दुसरं नवंकोरं.

नव्या पुस्तकावर सिनेमातल्या नटाचं तोंड होतं. हे एवढं मोठं.

केतकी खुर्चीसकट मागे सरली. “मी त्याला हात लावणार नाही. आम्ही शपथ घेतलीय. नटाचं तोंड असलेलं पुस्तक घरात आणायचं नाही आणि उघडायचंही नाही.”

“बरं.”

गुरुजींनी टेबलाच्या खणातून खाकी कागद काढला. कात्री काढली. आणि शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं कव्हर घालायला बसले. कडा दुमडल्या. नखानं घडी दाबली. घाई नाही.

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. केतकीचा पाय हलत होता.

नटाचं तोंड झाकलं गेलं.

“आता हात लावशील?”

…

तिनं पुस्तक घेतलं. दोनशे नऊ पान काढलं.

वाचलं. उलटलं. वाचलं. पुन्हा मागे गेली.

दोरखंडाचा पूल होता.

पुढच्या पानावर पूल. त्याच्या पुढच्या पानावरही पूलच. मुलगी पळते आणि दिवा खाली पडतो.

“हे… सिनेमा आल्यावर बदललंय.”

“छापलेलं साल बघ. जुन्याच छपाईची नक्कल आहे. फक्त तोंड नवं.”

केतकीनं झडप घालून वाचनालयाची प्रत ओढली. तिची ती ओळखीची जागा. दोनशे नऊ ते दोनशे चोवीस, सोळा पानं, हातानं लिहिलेली. निळी शाई, गुरुजींचं अक्षर.

यात नवल काही नव्हतं. फाटलेली, हरवलेली पानं दुसऱ्या प्रतीवरून उतरवून चिकटवायची, ही गुरुजींची जुनी पद्धत. वाचनालयातल्या निम्म्या पुस्तकांत त्यांच्या हाताची पानं आहेत. तेही पाठकोऱ्या कागदांवर. एका बाजूनं छापलेली जुनी हस्तपत्रकं, पावतीपुस्तकं, काही म्हणून ते टाकत नाहीत. कोरी बाजू दिसली की ठेवलाच कागद. म्हणून ती सोळा पानंही कुणी कधी निराळी मानली नाहीत.

“ही तुम्ही दुसऱ्या प्रतीवरून उतरवलीत ना, गुरुजी?”

गुरुजी कात्री खणात ठेवायला लागले.

“गुरुजी…?”

“दुसरी प्रत नव्हती.”

…

“बांधणारानं एक सोळा पानांचा गठ्ठा दोनदा लावला होता. आणि हा लावलाच नव्हता. मला ते कळलं कधी? शनिवारी चार वाजता, तुमच्यापुढे वाचता वाचता. दोनशे आठ पान उलटलं, तर समोर दोनशे पंचवीस. मुलगी पलीकडे पोचलेली. हातात दिवा नाही. मधलं काहीच नाही.”

“मग?”

“मग तू विचारलंस, पुढं काय झालं, गुरुजी?”

केतकीचा हात तोंडावर गेला.

“मी प्रकाशकाला तीन कार्डं टाकली. उत्तर नाही. तुम्ही तर पुढच्या शनिवारीही तेच वाचा म्हणून बसलात. मग मी लिहूनच काढलं.”

“म्हणजे नावाडी…”

“माझा.”

तिनं खाली, आपल्या छातीवरच्या नावाड्याच्या वाक्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. गुरुजींनी तेवढं नाही पाहिलं.

“बत्तीस टी-शर्ट छापले, गुरुजी!”

“मला दिसतात ना रस्त्यानं जाताना. दर वेळी वाटतं, आता सांगावं.”

“मग सांगितलं का नाही?”

“भीती वाटली.”

ऐंशीच्या घरातला माणूस. सरळ सांगून टाकलं.

केतकी ती सोळा पानं एकेक करून उलटत गेली. मग एकदम तिच्या काहीतरी लक्षात आलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“इरफानला हे माहीत आहे?”

“दोन वर्षं झाली. सिनेमासाठी त्यानं कुठून तरी मूळ प्रत मिळवली. ती घेऊन इथंच आला, तू बसलीयस त्याच खुर्चीत. म्हणाला, गुरुजी, नावाडी कुठं गेला?”

“आणि?”

“सांगितल्यावर खूप हसला. मग रडला. नावाडी सिनेमात घेऊ का, म्हणाला. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या पुस्तकात मी एकदा शिरलो, तेवढं पुरे.”

“सात महिने मी त्याला गावभर शिव्या घालतेय. त्यानं मला का सांगितलं नाही?”

“मला म्हणाला, केतकीला कळू देऊ नका. तिचा नावाडी तिच्यापाशी असू दे.”

…

केतकीनं डोकं टेबलावर टेकलं. खांदे हलायला लागले. रडतेय की काय म्हणून मी उठले, तर ती हसत होती. रडतही होती म्हणा. नाक पुसायला काही मिळेना, तेव्हा माझ्या हातातलं फडकं तिनं ओढून घेतलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “अगं बाई, किती बरं झालं! मला वाटलं होतं, त्यानं ते सगळं विसरून टाकलं. सतरंजी, शनिवार, सगळं. मालनकाकू, मला झोप लागत नव्हती हो.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “तुझ्या आईनं सांगितलं.”

गुरुजींनी खुर्चीला पाठ टेकली. मोठा श्वास सोडला. आणि चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, “मालनबाई, भाकरी आहे का?”

मी भिंतीपलीकडे जाऊन भाकरी आणि ठेचा घेऊन आले, तोवर केतकी चपला घालत होती. सहाला वीस मिनिटं कमी होती.

“गुरुजी, बाकीच्या चाळीस चुकांचं काय?”

“काही खऱ्या आहेत. राणीचा मुकुट फारच वाईट होता.”

“होता ना?”

“पत्र्याचा वाटला.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं पडद्यावरचं नाव पाहिलं आणि उचलला नाही. पण कापलाही नाही. वाजू दिला. मी डोकावले. इरफानच होता.

“तो वाचनालयात पोचलाय. सगळी जमली असतील.” तिनं ते एक्केचाळीस चुकांचे कागद हातात धरले. “मी तिथं उभी राहून आता काय वाचू?”

गुरुजी भाकरी मोडत होते.

केतकीनं कागद मधोमध धरले आणि फाडायला घेतले.

गुरुजींनी भाकरीचा हात तसाच पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

“फाडतेस कशाला? पाठकोरे आहेत.”