खडूची केबिन

“यातून काय काढून टाकलंस?” नाटेकर सरांनी विचारलं.

शाल्मलीला वाटलं होतं, सर वजन विचारतील. वाऱ्याने बोट किती कलली तरी सावरेल, ते विचारतील. परदेशात शिकलेली म्हणून दोन टोमणेही मारतील. सगळ्याची उत्तरं तिने एसटीत घोकून ठेवली होती.

पण सरही तिकडेच शिकलेले. उमेदीची वर्षं तिकडे बोटींचे आराखडे करून या खाडीकाठी परतलेले. त्यांनी तिचे आकडे एका नजरेत वाचले, कागदाची गुंडाळी केली आणि एवढंच विचारलं.

“काहीच नाही, सर. सगळं बसवलंय.”

खरंच बसवलं होतं. शिडाची बोट, पण साध्या गाडीमागे ट्रेलरवरून नेता येईल अशी. चौघांना निजायला जागा, ओटा, मोरी, ताठ उभं राहण्याएवढी उंची. तळाचं जड पातं, म्हणजे कील, रस्त्यावर वर ओढून घेता येणारं. ज्याला बंदरात जागा नाही, क्लब परवडत नाही, त्याने बोट दारात ठेवावी आणि सुट्टी लागली की घरच्यांना घेऊन समुद्रावर जावं... या ध्यासापायी ती तिकडची नोकरी सोडून आली होती.

बोट बांधण्याजोगी शेड मात्र गावात एकच, सरांची. आणि गावातल्या मासेमार वासू खवळेलाही पावसाळ्यासाठी आपला ट्रॉलर तिथेच ठेवायचा होता.

सरांनी खडू उचलला. शेडच्या कोब्यावर तिची केबिन मापात आखली. मग मधोमध एक फळी उभी केली. वर ओढलेलं पातं ज्या पेटीत राहणार, ती पेटी.

“चल आत. बाहेर वादळ आहे समज.”

“किती वेळ बसायचं?”

“वाऱ्याला विचार.”

ती एका बाजूला बसली, सर दुसऱ्या. फळी नाकाशी आली. पलीकडे सरांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

“सर, शेडचं...”

“तिसरा माणूस कुठे बसलाय?”

“माझ्या शेजारी.”

“मग सरक.”

ती सरकली.

“चौथा माझ्या शेजारी,” म्हणत सरही सरकले. “जेवायचं कुठे?”

“या पेटीवर पाट टाकून.”

“हं. लहान मुलासारखं कुणीतरी भरवावं लागेल.”

ती हसली नाही. पाय लांब केला तर ओट्याच्या खुणेला लागला.

“पाय,” सर म्हणाले.

तिने पाय आखडला. पाठीत कळ आली.

दारात खवळे उभा राहिला. मागे त्याचे दोन खलाशी. शेडची लांबी मोजायला दोरी घेऊन आलेले.

“काय सर, भातुकली मांडलीत? ताई, भात झाला असला तर आम्हालाही वाढा.”

खलाशी फिदीफिदी हसले.

शाल्मलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती उठली आणि तरातरा चालत बाहेर आली.

“मी नोकरी सोडून आलेय, सर. खेळायला नाही.”

सर जागचे हलले नाहीत.

“बुडालीस,” ते म्हणाले.

खलाशांचं हसणं थांबलं. दर्यावर जाणाऱ्यांपुढे तो शब्द कुणी सहज काढत नाही.

तिने खाली पाहिलं. ती खडूच्या रेघेवरून, केबिनच्या भिंतीतूनच बाहेर आली होती.

“दार कुठे ठेवलंयस?”

दार मागच्या टोकाला होतं. तिथे पोचायला शेजारचा माणूस ओलांडावा लागला असता. मग ओटा. मग आणखी दोन पाय... जागा तिनेच ठरवली होती.

“सकाळी या दोघंही,” सर म्हणाले. “शेड कुणाची ते तेव्हा सांगतो.”

सकाळी ती खवळेच्या आधी पोचली. डोळे तांबारलेले होते.

“निजायच्या दोन जागा काढल्या. मोरी काढली. छप्पर खाली आणलं. ताठ उभं राहायचं तर बाहेर यायचं. पेटी पुढे नेली. मधे काही नाही.”

“काहीच नाही?”

“काही नाही. सर, मला अख्ख्या घराला समुद्रावर न्यायचं होतं. ही दोघांचीच बोट झाली. पण मी हीच बांधणार. शेड नाही दिलीत तर पुळणीवर ताडपत्री टाकून बांधेन.”



खाडीत ट्रॉलरची धडधड ऐकू आली. सर दारात गेले आणि ट्रॉलर तिकडे ने म्हणून खवळेला हातानेच पलीकडचा काठ दाखवला.

मग तिच्याकडे वळून म्हणाले, “आता चौघांना बोलाव. बसायला जागा झाली.”